जुन्या साम्राज्याचा नकाशा रंगवण्यापूर्वी

बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मौर्य साम्राज्याचा नकाशा पाहिला. रेखाटन स्वच्छ आहे. परंतु आजच्या भारताची बाह्यरेषा काढून तिच्यात सर्वत्र एकसारखा पिवळा रंग भरण्याची जी पद्धत तू स्वीकारली आहेस, तिच्याविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते.

सुरुवात आपल्या बडोद्यापासूनच कर. हे संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे प्रांत, शिवाय पश्चिम टोकाला ओखामंडळ, आणि मध्ये मध्ये इंग्रजांचा व इतर संस्थानिकांचा मुलूख. काठेवाडातील, म्हणजे सौराष्ट्रातील, अनेक ठाकूर गायकवाडांना खंडणी देत. ती वसूल करण्यासाठी पूर्वी मुलूखगिरीची फौज जात असे, आणि १८०७ साली इंग्रज कंपनीच्या कर्नल वॉकरच्या मध्यस्थीने तिच्या रकमा ठरल्या. त्यांतलेच काही ठाकूर जुनागढच्या नवाबालाही जोरतलबी, म्हणजे जोरावर वसूल होणारी खंडणी, भरत. मग अशा ठाकुराचे गाव कोणाच्या रंगात दाखवशील? त्या काळी सत्ता म्हणजे मुख्यतः कोणाला किती द्यायचे आणि कोणाच्या बोलावण्याला जायचे, याचा हिशेब होता.

आता जुनागढजवळच्या गिरनारच्या पायथ्याचा अशोकाचा शिलालेख घे. त्यातील दुसऱ्या लेखात अशोक दक्षिणेतील चोळ, पांड्य, सतियपुत्र आणि केरळपुत्र यांना आपल्या राज्यापलीकडचे शेजारी म्हणून गणतो. उलट त्याचा ग्रीक आणि अरामी भाषांतील लेख आजच्या अफगाणिस्तानातील कंदाहारला सापडला आहे. तू आत घेतलेला दक्षिणेचा मुलूख त्याच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे बाहेर होता, आणि तू बाहेर ठेवलेल्या मुलखात त्याचे शब्द कोरलेले आहेत. त्याच गिरनारच्या खडकावर इसवी सन १५० च्या सुमाराचा क्षत्रप राजा रुद्रदामनाचा आणि पुढे गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचाही लेख आहे, आणि हे दोन्ही लेख तिथल्या सुदर्शन तलावाच्या दुरुस्तीविषयी आहेत. चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने बांधलेला तलाव फुटला की पुढची सत्ता तो बांधून काढी. साम्राज्याचा वारसा मला सीमेपेक्षा अशा ठिकाणी अधिक खरा वाटतो.

आजची सीमा ही निराळ्याच जातीची गोष्ट आहे. ती तहाने ठरते, मोजणीने जमिनीवर येते, आणि तिचे वय बहुधा थोडे असते. अफगाणिस्तानलगतची ड्युरँड रेषा १८९३ सालच्या कराराची आहे.

नावावरूनही फसू नकोस. १९५७ साली स्वतंत्र झालेल्या घानाने ज्या प्राचीन साम्राज्याचे नाव घेतले, त्याचा मुलूख आजच्या घानात नव्हे, तर मॉरिटानिया आणि मालीमध्ये होता. परकी राजवट झुगारणाऱ्या लोकांनी अभिमानाने पूर्वज निवडावा, यात मला काहीच खोटे दिसत नाही. मात्र त्या नावाच्या जोरावर शेजाऱ्याची जमीन मागणे हा वेगळा व्यवहार ठरला असता. १९६४ साली कैरोत आफ्रिकी देशांनी स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमाच मानण्याचे ठरवले. त्या सीमा वसाहतवाल्यांनी आखलेल्या होत्या, तरीही हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

तेव्हा नकाशा पुन्हा काढ. अशोकाचे लेख जिथे जिथे सापडले, तिथे ठिपके दे. त्याने नावे घेतलेले शेजारी वेगळ्या शाईने लिही. मधली जागा कोरी राहिली तर राहू दे. आजच्या सीमा अगदी शेवटी, फिकट पेन्सिलीने काढ, आणि तो कागद घेऊन सवडीने घरी ये.

तुझा शुभचिंतक