माळ आधीपण पेटायचाच की, मग कोळशाचं नाव का घेता?

प्रश्न : आमची शेती नान्नजकडं आहे. उन्हाळा लागला की माळ पेटतोच, आजोबांच्या काळातही पेटायचा. मग आता हवामानबदल, कोळसा, डिझेल हे कुठून आलं? आणि आम्ही उसाचं पाचट पेटवलं की सगळे बोलतात, तिकडं फताटेवाडीला १३२० मेगावॅटच्या वीजप्रकल्पात कोळसा जळतोय त्याचं काय?
– एक शेतकरी वाचक, उत्तर सोलापूर

उत्तर : आपल्याकडं वणवा लागतो तो बहुतेक माणसामुळंच, बिडीचं थोटूक, बांध पेटवताना उडालेली ठिणगी, नवं गवत फुटावं म्हणून मुद्दाम लावलेली आग, हे तुमच्या आजोबांच्या वेळीही होतं. पण ठिणगी पडल्यावर आग किती लांब जाणार हे गवत किती वाळलंय त्यावर असतं. हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरायची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते, आणि पाऊस नसला की ती ओल मातीतनं, गवतातनंच ओढते. मार्चमध्ये कुसळी गवत मुठीत चुरगळून बघा, भुगा होतो नुसता. कॅनडासारख्या थंड देशात २०२३ला दीड कोटी हेक्टरच्या वर जंगल जळालं, तिथंही उष्ण, कोरड्या हवेनंच आग पसरवली.

आता पाचट. त्यातला कार्बन उसानं याच वर्षी हवेतनं घेतलेला असतो, पुढचा ऊस तो परत घेतो. कोळशातला कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता, तो जळून वर आला की हवेत भरच पडते, त्यातला बराचसा शेकडो वर्षं तिथंच राहतो आणि उष्णता अडवून धरतो. म्हणून हवा तापण्याचा मोठा दोष कोळसा-तेलाचाच, तुमची तक्रार रास्त आहे आणि ती मोठ्यानं करायलाच पाहिजे.

तरी पाचट जाळू नका हो! हेक्टरी ८-१० टन निघतं ते, खोडव्यात (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात) सरीत दाबून वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवायचं जिवाणू खत टाकलं की कुजतं, ओल टिकते, उजनीचं पाणी लांबलं तर तेवढाच आधार. शिवाय त्याच आगीची ठिणगी माळावर जाते, आणि टिटवी, चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना पळवून कुठं नेणार?

बांधालगतचा गवताचा पट्टा फेब्रुवारीच्या आत कापून घ्या. वणवा दिसला तर वाऱ्याच्या तोंडावर उभं राहू नका, लगेच वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन लावा.