वाचकांचे प्रश्न : दोन हजाराव्या पानावर ॲप का अडखळतं?

प्रश्न : दुकानाच्या बिलिंग ॲपमध्ये एसक्यूलाइट (ॲपसोबतच राहणारा छोटा डेटाबेस) आहे, बिलं दोन लाखांवर गेली. यादी ५०-५० बिलांच्या पानांत दाखवतो, लिमिट (किती नोंदी आणायच्या) आणि ऑफसेट (आधीच्या किती सोडायच्या) वापरून. सुरुवातीची पानं झटकन येतात, मागची रखडतात. शिवाय यादी चाळताना काउंटरवर नवं बिल झालं, की आधीच्या पानावरचं शेवटचं बिल पुढच्या पानावर पुन्हा दिसतं. इंडेक्स (नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून क्रमाने लावलेली सूची) लावून पाहिला, फरक नाही. (सांगली)

उत्तर : दोन्ही दुखण्यांचं मूळ ऑफसेटच. एसक्यूलाइट ऑफसेटला थेट उडी मारत नाही. तितक्या नोंदी एकेक करून ओलांडते आणि टाकून देते. पान २००० म्हणजे ९९,९५० नोंदी टाकायच्या, मग ५० दाखवायच्या. इंडेक्सने क्रमवारी लावायचे कष्ट वाचतात, मोजणी वाचत नाही. आणि वर एक बिल वाढलं की सगळी यादी एका घराने खाली सरकते, म्हणून तेच बिल दोनदा दिसतं.

पानाचा नंबर लक्षात ठेवायचा नाही, पानावरची शेवटची नोंद ठेवायची. तारीख आणि आयडी (प्रत्येक बिलाचा वेगळा क्रमांक) या दोन्हींवर उतरता क्रम लावा आणि पुढच्या पानासाठी अट घाला :

व्हेअर (तारीख, आयडी) < (?, ?)

प्रश्नचिन्हांच्या जागी त्या शेवटच्या बिलाची तारीख आणि आयडी. नुसती तारीख चालणार नाही : एका दिवसात ८० बिलं झाली असतील, तर पान त्या दिवसाच्या मधेच तुटतं आणि उरलेली ३० गायब होतात. आयडी इंटिजर प्रायमरी की (म्हणजे टेबलातली नोंद ओळखायचा पूर्णांक) असेल तर इंडेक्स फक्त तारखेवर पुरतो, कारण आयडी त्याच्या शेपटाला आपोआप असतोच. एका ग्राहकाची बिलं दाखवायची असतील तर इंडेक्समध्ये आधी ग्राहक, मग तारीख.

कंसातली ही जोडी एसक्यूलाइट ३.१५ (२०१६) पासून चालते. अँड्रॉइड ७ मध्ये ३.९ आहे, तिथे असं लिहा :

तारीख <= ? अँड (तारीख < ? ऑर आयडी < ?)

पहिल्या दोन प्रश्नचिन्हांच्या जागी तारीख, तिसऱ्याच्या जागी आयडी. पहिला तुकडा फालतू वाटतो, पण इंडेक्समध्ये नेमक्या जागी उतरायला तोच कामी येतो, काढू नका. मग एक्सप्लेन क्वेरी प्लॅन चालवा; क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली मागणी, कशी चालणार ते त्यात कळतं. उत्तरात ‘सर्च’ हवं. ‘टेम्प बी-ट्री फॉर ऑर्डर बाय’ दिसलं, तर क्रमवारी इंडेक्सशी जुळत नाही.

तारीख मजकूर म्हणून साठवली असेल तर २०२४-०१-०५ अशीच हवी. ०५-०१-२०२४ असं लिहिलं की पाच जानेवारीच्या शेजारी पाच फेब्रुवारी येऊन बसते. कॉलम नॉट नल ठेवा, म्हणजे तारीख रिकामी (नल) राहणार नाही. नलशी तुलना खरी ठरतच नाही, ती बिलं कुठल्याच पुढच्या पानावर येत नाहीत.

मागच्या पानासाठी चिन्ह उलटं, क्रम चढता, आणि आलेली यादी ॲपमध्ये उलटी करायची.

प्रश्न : मग ‘एकूण पानं ४,१२०’ आणि ‘पान १,४०० वर जा’ हे कसं दाखवायचं? (पणजी)

उत्तर : नाही दाखवायचं. एसक्यूलाइट टेबलातली नोंदींची संख्या कुठे लिहून ठेवत नाही. काउंट म्हटलं की दर वेळी अख्खा इंडेक्स मोजते. ‘पुढे’ बटण दाखवायचं का, एवढंच हवं असेल तर ५० ऐवजी ५१ मागा. एक्कावन्नावी आली तर पुढे पान आहे. ती दाखवू नका. आणि हिशोबनीसाला १,४०० वं पान नको असतं, १२ ऑगस्टची बिलं हवी असतात. तारीख निवडायची सोय द्या. अट तीच, फक्त सुरुवात त्या तारखेपासून.

प्रश्न : अँड्रॉइडवर लिमिट न लावता एकच कर्सर (क्वेरीचं उत्तर एकेक नोंद करून वाचायचं साधन) उघडून स्क्रोल केलं तर? (ठाणे)

उत्तर : फसाल. कर्सरची खिडकी, म्हणजे एका वेळी नोंदी भरायची मेमरीतली जागा, साधारण २ एमबीची असते. तिच्याबाहेर सरकलात की तीच क्वेरी पहिल्यापासून पुन्हा चालते आणि मधल्या नोंदी टाकल्या जातात. म्हणजे मागच्या दाराने ऑफसेटच. बिलाचा फोटो त्याच टेबलात असेल, तर एकच नोंद खिडकीत न मावून ॲप बंद पडू शकतं. फोटो फाइलमध्ये ठेवा, टेबलात फक्त पत्ता. यादीच्या क्वेरीत लागतील तेवढेच कॉलम मागा.