गावातलं रस्त्याकडेचं जुनं वडाचं झाड ग्रामपंचायत तोडणार आहे. कायद्याने अडवता येईल का?

अडवता येतं, पण शहरातल्या कायद्यावर विसंबू नका. 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत चालतो. गावाला लागतो तो 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा, आणि त्याच्या अनुसूचीत 16 जातीच आहेत: साग, खैर, चंदन, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा वगैरे. वड नाही, पिंपळ नाही, कडुनिंबही नाही. हा कायदा लाकडाकडे बघून केलाय, सावलीकडे नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचं झाड चिंचेचं होतं म्हणून वाचलं. दोन घरांच्या मधल्या बोळाच्या तोंडाशी, आजोबांच्याही आधीची चिंच. उन्हाळ्यात अख्ख्या आळीच्या बायका तिच्याखाली वाळवणं राखत बसायच्या. आमच्या थोरल्या चुलतभावाने ती लाकूडवाल्याला परस्पर विकली. म्हणे मुळांनी भिंत उकलली, आणि झाड माझ्या जागेत आहे. सकाळी कटरचा आवाज आला तेव्हा आई अंगणातून तशीच पळत गेली आणि बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. तलाठ्याकडे गेलो तर गावठाणाचा सातबारा नसतो एवढंच ऐकायला मिळालं. मग वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. वनरक्षक आला, बुंध्याला टेप लावला, पंचनामा केला. स्वतःच्या मालकीचं असलं तरी अनुसूचीतलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे त्याने दादाला सगळ्यांसमोर सांगितलं. शेवटी कौलांवर आलेली एक फांदी छाटली, बस्स. कटरची बोटभर खाच अजून आहे, साल दोन्ही बाजूंनी मिटत आलीय.

तुमच्या वडाचं म्हणाल तर आधी रस्ता कोणाचा ते काढा. सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर नुसत्या ग्रामपंचायतीच्या ठरावावर झाड पाडता येणार नाही. त्या विभागाला आणि तहसीलदारांना लेखी हरकत द्या. ग्रामसभेत विषय घ्यायला लावा आणि तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घ्या, तोंडी बोलणं कोणी धरत नाही. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्याखाली तुमच्याकडेही समिती असणार. गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत हा वड आला नसेल तर आजच घालायला सांगा. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड 2020 मध्ये महामार्गाच्या कामातून वाचला तो लोकांनी लावून धरलं म्हणूनच.

आणि हो, गाव हद्दवाढीत महापालिकेत गेलं असेल तर चित्रच पालटतं: 1975 चा कायदा लागू होतो, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. झाड खरंच पोकळ होऊन घरावर कललं असेल तर मात्र अडवू नका.

कोणी 'जागा माझी, झाड माझं' म्हणत आला तर वाटणीपत्र मागा. आमच्या वाटणीपत्रात 'बोळातील चिंच सामाईक' असं लिहिलंय आणि खाली दादाच्या वडिलांची सही आहे. तो अजूनही झाड आपल्या वाटणीचं म्हणून सांगत फिरतो. ते पान मी कोणालाही दाखवायला तयार आहे.