तुमचे प्रश्न: भर दुपारचं ऊन, मिटलेले डोळे आणि पुतळ्यासारखी उभी जोडपी

यावेळी प्रश्नांचा ढीगच आलाय, आणि गंमत म्हणजे ‘कुठला कॅमेरा घेऊ’ विचारणारे फक्त दोघं, बाकी सगळे बाहेर जाऊन माणसांचे फोटो काढताना कुठे ना कुठे अडकलेले. त्या दोघांना एका ओळीत सांगते, आहे तोच वापरा आणि खालचं वाचा.

प्रश्न: ताई, मैत्रिणीचं लग्नानंतरचं कपल शूट केलं. त्यांना वेळ दुपारी १२ ते २ एवढाच होता. उघड्यावर उभं केलं तर डोळ्यांखाली काळे खड्डे, झाडाखाली नेलं तर चेहऱ्यावर पांढरे डाग, एडिट करूनही जात नाहीत. काय चुकलं?

ते डाग म्हणजे कवडसे, आणि कवडसे एडिटमध्ये जात नाहीत, त्यांच्या नादी लागू नका, मी एकदा दोन रात्री घालवल्यात आणि शेवटी तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून ‘मूड आहे’ असं सांगून दिला. दुपारी ऊन डोक्यावरून येतं म्हणून भुवईची सावली सरळ डोळ्यांत पडते, तिथपर्यंत तुमचं निदान बरोबर होतं. सावलीत नेलंत तेही बरोबर, फक्त झाड विरळ पानांचं निवडलंत. एकतर गच्च झाड बघा नाहीतर सरळ एखाद्या भिंतीची सावली घ्या, भिंतीला पानं नसतात. आणि सावलीत खोल आत नेऊ नका, कडेला उभं करा, ऊन जिथे संपतं तिथून हातभर आत, तोंड उघड्या आकाशाकडे. म्हणजे आकाशाचा सगळा उजेड समोरून येतो आणि डोक्यावरचं ऊन अडतं.

जागा चांगली की वाईट हे कळायला कॅमेरा लागतच नाही. तुमचा तळहात चेहऱ्याएवढ्या उंचीवर धरा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा, नजर हातावर. एका दिशेला बोटांच्या सावल्या करकरीत दिसतील, थोडं वळलात की त्या मऊ होत जातील, आणि एका ठिकाणी हात एकदम उजळ, गुळगुळीत दिसेल. त्या दिशेला त्या दोघांची तोंडं करायची. मग जवळ जाऊन त्यांच्या डोळ्यांत बघा, बुबुळावर आकाशाचा पांढरा ठिपका चमकत असेल तर फोटो निम्मा झाला. नसेल तर अजून एक पाऊल उजेडाकडे सरकवा. मी लोकेशनवर गेले की पहिली दहा मिनिटं अशी हात धरून गोल फिरत असते, लोक बघतात, बघू देत.

सावलीच नसेल तर उन्हाकडे पाठ करून उभं करा, चेहरे आपोआप एकसारखे होतात, मागे केसांना कडा येते. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, चेहऱ्यांवर बेतून ठेवा, मागचं आकाश थोडं पांढरं झालं तर झालं, पण रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढा म्हणजे सावरायला जागा राहते. आणि पायाखाली काय आहे ते बघायचंच, हिरवळीवर उभं केलं की हनुवटीखाली हिरवट झाक येते, फिक्या रंगाची फरशी किंवा वाळू असली तर तीच फुकटचा रिफ्लेक्टर. सावलीतले फोटो निळसर येतात कारण तिथे फक्त आकाशाचा उजेड असतो, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग सावरणारं सेटिंग, ‘शेड’ वर टाका, ७००० केल्विनच्या आसपास.

प्रश्न: आमच्या घरातल्या कार्यक्रमात २८ जणांचा ग्रुप फोटो मी काढला. फुल फ्रेम, ५० ची लेन्स, एफ १.८, साधारण ६ मीटरवरून. तिसरी रांग ब्लर. आणि प्रत्येक फोटोत कोणीतरी डोळे मिटलेलेच. आता काका बोलत नाहीयेत.

काकांना माझा नमस्कार सांगा, ते येतील लायनीवर. आधी ब्लरचं बघू. एफ म्हणजे लेन्समधल्या भोकाचं माप, आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि नीट दिसणारी खोली कमी. त्या सेटिंगला फोकस पहिल्या रांगेवर असेल तर तिच्या मागे फार तर ९० सेंटिमीटरपर्यंत नीट दिसतं. तीन रांगा म्हणजे पहिली ते तिसरी सहज सव्वा ते दीड मीटर, म्हणजे मागचे सगळे हिशोबाच्या बाहेर. एफ ५.६ करा, फोकस मधल्या रांगेवर ठेवा, म्हणजे पाच मीटरपेक्षा जास्त खोली मिळते आणि कोण कुठेही उभा राहिला तरी भागतं. शटर १/२०० सेकंदापेक्षा सावकाश करू नका, उजेड कमी पडला तर आयएसओ (कमी उजेडातही फोटो उजळ आणणारं सेटिंग) वाढवा, थोडा ग्रेन म्हणजे रवाळपणा कोणाला दिसत नाही, हललेला चेहरा सगळ्यांना दिसतो. रांगा एकमेकींना चिकटवून घ्या, मागच्यांना पायरीवर किंवा बाकावर चढवा.

आता डोळे. हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी चक्क गणिताने सोडवलाय आणि त्याबद्दल त्यांना २००६ चं गणितातलं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. पापणी मिटून उघडायला साधारण पाव सेकंद जातो, माणसं वाढली की कोणीतरी मिटलेलं असण्याची शक्यता भराभर वाढते. त्यांचा ठोकताळा असा, वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ ने भागा आणि कमी उजेडात २ ने, तेवढे फोटो काढा, एक तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला मिळण्याची चांगली शक्यता. म्हणजे १५ जणांना ५ फोटो. तुमचे २८ त्या हिशोबात बसत नाहीत, तिथे मी सरळ पंधरा-वीस काढते आणि तरीही कधीकधी एखादं डोकं दुसऱ्या फोटोतून आणून बसवावं लागतं, त्यासाठी ट्रायपॉड लावला की काम सोपं. अजून एक, ‘सगळ्यांनी डोळे मिटा, मी तीन म्हटलं की उघडा’ हे करून बघा, तीन म्हटल्यावर क्षणभर थांबा आणि मग दाबा.

पण खरा वेळ जातो तो माणसं गोळा करण्यात. घरच्यांकडून आधीच यादी घ्या, कोणाबरोबर कोण, आणि हाका मारायला घरातलाच एक खणखणीत आवाजाचा माणूस ठरवा, सगळ्यांना नावाने ओळखणारा. तुम्ही ‘ते निळ्या शर्टवाले’ करत बसलात की संपलं. सगळ्यात मोठा ग्रुप पहिल्यांदा घ्या, मग माणसं कमी करत जा. म्हाताऱ्या माणसांना बाकीचे रांगेत उभे राहिल्यावर शेवटी बोलवा, आधी बोलावून ताटकळत ठेवू नका. आणि दाबायच्या आधी मोठ्याने विचारा, कोण राहिलं का? मी एकदा विचारलं नाही आणि आजी आत खोलीत बसून राहिल्या होत्या, तीस जणांचा झकास फोटो आला, ज्यांच्यासाठी सगळे जमले होते त्याच त्यात नाहीत.

प्रश्न: जोडपी कॅमेऱ्यासमोर पुतळा होतात. ‘नॅचरल रहा’ सांगितलं की अजूनच आखडतात. पोझची लिस्ट पाठ करून जाते तरी जमत नाही.

लिस्ट घरी ठेव. ‘नॅचरल रहा’ हे वाक्य तर बंदच कर, ते ऐकलं की माणसाला आपले हात कुठे आहेत हे पहिल्यांदाच कळतं. पोझ देऊ नकोस, काम दे. तिथून इथपर्यंत हळू चालत या, त्याच्या कानात असं काहीतरी सांग जे मला ऐकू येणार नाही, तिचे केस वाऱ्याने आलेत ते मागे कर. हातांना काम मिळालं की चेहरा आपोआप सुटतो.

एक नवरा मुलगा होता, एनसीसीच्या परेडला उभा असल्यासारखा, अर्धा तास झाला तरी खांदे खाली येईनात. मी कंटाळून कॅमेरा खाली केला आणि लेन्स बदलत होते, तेवढ्यात तिच्या सँडलचा पट्टा सुटला. तो खाली बसून पट्टा लावायला लागला, आणि तिने तोल सांभाळायला सहज त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसून दुसरीकडे बघत राहिली. लेन्स अर्धवट बसवून मी दोन फोटो काढले असतील, त्यातला एक जमला. त्यांच्या घरात तोच लावलाय, बाकीचे दोनशे अल्बममध्ये. तेव्हापासून मी ‘झालं, आता जरा बसू’ असं मुद्दाम म्हणते आणि कॅमेरा हातातच ठेवते.

हसण्याचं पण तसंच. फ्रेंच डॉक्टर द्युशेननी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय की ओठ मनाने ताणता येतात पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा हलत नाही. म्हणून ‘स्माइल’ म्हणून दाबू नकोस. काहीतरी फालतू बोल, ते हसतील, ते हसून ओसरतं तेव्हा जे दोन सेकंद मिळतात त्यात दाब. पहिल्या दहा मिनिटांतले फोटो वाया जाणार हे धरूनच चाल, पण एक चांगला आला की स्क्रीनवर त्यांना दाखव, तिथून पुढे ते तुझे.

प्रश्न: हॉलमधल्या लग्नात आवाज नको म्हणून सायलेंट शटर वापरलं. सगळ्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठीक आहे. हेच माझ्याही बाबतीत झालंय, आणि मला ते घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर कळलं, त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, त्यात बहुतेक सेन्सर चित्र एका दमात न घेता ओळीओळीने वाचतात, तेवढ्यात दिवा तीन-चारदा मंद होऊन जातो, आणि त्या त्या वेळच्या ओळी काळपट येतात. मेकॅनिकल शटरवर या आणि स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवा, ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२० च्या जवळचा म्हणजे १/१२५ किंवा १/६०. अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. स्टेजवरचे रंगीत एलईडी मात्र स्वतःच्याच तालात लुकलुकतात, त्यांना हे गणित लागू नाही, म्हणून पाहुणे यायच्या आधी चार टेस्ट काढून झूम करून बघायचं. शटरचा आवाज होतो त्याला कोणी काही म्हणत नाही हो.

प्रश्न: कपल्ससाठी ३५, ५० की ८५?

हे आकडे लेन्सचे मिलिमीटर, जितका मोठा तितकं लांबून काढायचं. जागा मोकळी असेल तर ८५, अडचणीत ३५, एकच परवडत असेल तर ५०. ३५ ने जवळून काढताना चेहरा फ्रेमच्या कडेला ठेवू नका, ताणला जातो. आणि ८५ वर एफ १.८ ला दोन मीटरवरून काढलं तर नीट दिसणारी पट्टी जेमतेम ६ सेंटिमीटर असते, म्हणजे एकाने मान जरा मागे घेतली की तो गेलाच. दोघं असतील तर एफ ४, किंवा दोघांचे डोळे एका रेषेत.

प्रश्न: नवरा सावळा, बायको गोरी. एकाचा चेहरा नीट केला की दुसऱ्याचा बिघडतो. एडिटमध्ये त्याला थोडं उजळ करू का?

नाही. मुळीच नाही. तो जसा आहे तसा त्याच्या घरच्यांना माहीत आहे. सावळा चेहरा उजेडाच्या जवळ आणि उजेडाकडे वळलेला ठेवा, गोरा अर्धं पाऊल मागे. खिडकीशी हा फरक खूप पडतो कारण उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, बाहेर उघड्या सावलीत कमी पडतो, तिथे नुसतं वळवून भागतं. एक्स्पोजर असं ठेवा की गोऱ्या चेहऱ्यावरचं कपाळ जळणार नाही. सावळ्या कांतीवर उजेडाची जी चमक येते, गालाच्या हाडावर, नाकावर, तिच्यानेच चेहऱ्याला आकार येतो, पावडर थापून ती घालवू नका.

आणि हा दोष तुमच्या हाताचा नाही एवढंच. फिल्मच्या जमान्यात कोडॅककडून लॅबना रंग जुळवायला ‘शर्ली कार्ड’ जायचं, त्यावर वर्षानुवर्षं एक गोरी बाई, तिची कांती नीट आली की प्रिंट नीट. वेगवेगळ्या कांतीच्या बायकांचं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं.

प्रश्न: दोन वर्षांचं मूल एका जागी बसत नाही.

बसवू नका. शटर १/५००, तुम्ही जमिनीवर आडवे, आईबाबांना बसवून मूल मोकळं सोडा, ते फिरून त्यांच्याकडेच येतं. आणि वेळ झोपेनंतरची मागा.

प्रश्न: लग्नाचे फोटो असलेलं कार्ड करप्ट झालं तर काय? या भीतीने झोप येत नाही.

भीती बरोबर आहे, ती राहू दे. दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर दोन्हीवर एकाच वेळी लिहायला लावा, ‘ओव्हरफ्लो’ वर (एक भरलं की मग दुसरं) नको. नसेल तर एकच मोठं कार्ड न वापरता छोटी तीन-चार बदलत जा, एक गेलं तरी अख्खं लग्न जात नाही. दुसरा फोटोग्राफर बरोबर असेल तर सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एक करा, नाहीतर नंतर जुळवताना जीव जातो. घरी आल्यावर तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर. आणि कार्ड फॉरमॅट कधी करायचं, तर प्रतींमधले फोटो उघडून, झूम करून बघितल्यावरच. उघडून म्हणतेय, ‘कॉपी कम्प्लीट’ वाचून नाही.