ढोलीचे झाड पाडावे का?

प्रश्न : आमच्या काही एकर जमिनीवर घरालगत एक जुने, मोठे झाड आहे. त्याच्या बुंध्यात हात कोपरापर्यंत जाईल एवढी ढोली असून झाड पहिल्यापासून घराकडे कललेले आहे. ते पाडावे, की फांद्या छाटून भागेल? छाटलेल्या जागी डांबर लावावे का?

उत्तर : ढोली दिसली म्हणून लगेच कुऱ्हाड हाती घेऊ नये. बुंध्याचा गाभा मृत लाकडाचाच असतो आणि जिवंत थर सालीलगत असतो, त्यामुळे पोकळ झाडही वर्षानुवर्षे हिरवे राहू शकते. मात्र हिरवेपणा म्हणजे मजबुती नव्हे. ढोलीभोवतीच्या निरोगी लाकडाची जाडी बुंध्याच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशाहून कमी असेल, तर धोका वाढतो असा ढोबळ आडाखा आहे; ढोलीचे तोंड रुंद असल्यास अधिकच सावध राहावे.

माझ्या मते ढोलीपेक्षा बुंध्याचा तळ अधिक सांगतो. जुना कल असलेल्या झाडाचा शेंडा बहुधा पुन्हा सरळ वर वळलेला असतो आणि मुळेही त्या कलाला सरावलेली असतात. याउलट, कल अलीकडे वाढला असेल, कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचलली गेली असेल किंवा तिथे अर्धवर्तुळाकार भेगा पडल्या असतील, तर त्या झाडाखालचा वावर त्याच दिवशी थांबवावा. बुंध्याच्या तळाशी बुरशीच्या कडक, फळीसारख्या छत्र्या उगवणे हेही आतल्या कुजीचे लक्षण आहे. यांपैकी काही आढळल्यास जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी.

छाटणीने भार कमी होतो. पण शेंडा सरसकट उडवू नये, कारण त्या कापापाशी फुटणारे धुमारे वरवर जोडलेले असतात आणि मोठे झाल्यावर सहज निखळतात. जड फांदी काढताना बुंध्यापासून थोड्या अंतरावर आधी खालून अर्धवट काप द्यावा, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून फांदी खाली घ्यावी, म्हणजे साल बुंध्यापर्यंत सोलली जात नाही. उरलेला खुंट शेवटी कापावा, परंतु फांदीच्या मुळाशी असलेले फुगीर कडे शाबूत ठेवावे, कारण जखम तिथूनच बुजत येते. डांबर लावू नये; त्याने कूज थांबत नाही.

मुळांकडे आपले सर्वांचेच दुर्लक्ष होते. बहुतेक मुळे मातीच्या वरच्या अर्ध्या मीटरभर थरात असून फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. तिथे ट्रॅक्टर उभा केला, भराव टाकला किंवा चर खणला, तर झाड काही वर्षांनी वठते आणि कारण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पाडणे अटळ ठरल्यास, झाड स्वतःच्या जमिनीवर असले तरी परवानगी लागते का, हे आधी विचारावे. घराकडे कललेले झाड आणि विजेच्या तारांजवळचे झाड स्वतः पाडायला जाऊ नये. घर, वाट आणि गोठ्यापासून दूर असलेले वठलेले झाड मात्र उभेच राहू द्यावे. घुबडे आणि सुतारपक्षी अशाच झाडांत घरटी करतात.