एसईलिनक्स (लिनक्सवरचा जास्तीचा सुरक्षा थर) अमेरिकेच्या एनएसए या हेरगिरी संस्थेने लिहिलंय, मग सर्व्हरवर चालू ठेवावं का?
हो, बिनधास्त चालू ठेवा. कोड 2000 सालीच सगळ्यांसाठी खुला झाला, 2003 पासून लिनक्सच्या मेन कर्नलमधे (सिस्टिमच्या गाभ्यात) आहे, तेव्हापासून रेड हॅट या लिनक्स कंपनीवाले आणि बाहेरचे कितीतरी डेव्हलपर तो वाचतायत, बदलतायत, अँड्रॉइड फोनमधे पण तेच चालतं. आणि मुख्य म्हणजे ते फक्त जास्तीचं अडवतं, नेहमीच्या फाईल परमिशनने नाकारलेलं ते उघडून देत नाही. क्रिप्टोचं, म्हणजे एन्क्रिप्शनचं, मात्र वेगळं, तिथे कोड स्वच्छ असला तरी गोम आकड्यांत असू शकते. एनएसएच्याच ड्युअल ईसी डीआरबीजी या रँडम आकडे बनवायच्या पद्धतीमधे दोन पॉइंट (ठरीव आकडे) कसे निवडले हे सांगितलंच नव्हतं, 2007 मधे संशोधकांनी त्यात चोरदरवाजा असू शकतो हा धोका दाखवला तरी एनआयएसटीने (अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था) ते मानकातून काढायला 2014 उजाडलं. एनएसएचाच स्पेक सायफर (एन्क्रिप्शनची एक पद्धत) 2018 मधे कर्नलमधे आला आणि त्याच वर्षी काढला, ते बरंच झालं.