चेकच्या मागे नुसती सही केली तर?

प्रश्न : माझ्या नावावरचा ऑर्डर चेक (म्हणजे मला किंवा मी सांगेन त्याला पैसे मिळतील असा) मला दुसऱ्या एकाला द्यायचाय, मागे नुसती सही केली तर चालेल का त्याचं नावपण टाकायचं? आणि पुढे चेक बाउन्स झाला तर माझ्यावर येईल का?

उत्तर : नुसती सही चालते हो, पण तीच खरी गोची आहे. नाव न टाकता सही केली की ती ब्लँक एन्डॉर्समेंट (चेक पुढे देण्यासाठी मागे केलेली कोरी सही), म्हणजे तो चेक बेअरर झाला, ज्याच्या हातात त्याचा, आता हातातून हातात दिला तरी ट्रान्सफर. वाटेत हरवला तर ज्याला सापडला तो काही मालक होत नाही, पण त्याने तो पुढे एखाद्या प्रामाणिक माणसाला पैसे घेऊन दिला तर त्या माणसाचा हक्क पक्का, तुम्ही बसा बोंबलत. म्हणून ‘अमक्याला द्यावेत’ असं लिहूनच सही करा. मग त्या अमक्याची कुणी खोटी सही मारली तरी त्यातून कुणाला हक्क मिळत नाही, चेकबाबतचा भारतातला १८८१ चा कायदा घ्या की इंग्लंडचा १८८२ चा. आणि हो, सही करून चेक टेबलाच्या खणातच ठेवला तर ट्रान्सफर झालाच नाही, हातात द्यायलाच लागतो. अर्धी रक्कम एकाला अर्धी दुसऱ्याला, असंही जमत नाही.

बाउन्सचं म्हणाल तर हो, बाउन्स झाल्याची नोटीस वेळेत आली तर तुमच्यावर येऊ शकतं, कारण सही करणारा एक प्रकारे हमीच देतो. ते नको असेल तर सहीसोबत ‘विदाउट रिकोर्स’ (म्हणजे पैसे नाही मिळाले तर माझ्याकडे यायचं नाही) लिहा, अर्थात समोरचा असा चेक घेईल का ते वेगळं. चेकवर ‘अकाउंट पेयी’ (म्हणजे पैसे फक्त नाव असलेल्याच्याच खात्यात) असेल तर मात्र हा विचारच सोडा.